नऊच्या पुढची माणसं

शेजारी म्हणत, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना माणसांची गरजच नाही. कधी हे कौतुकाने म्हटले जाई, कधी तक्रारीने. ते त्या दिवशी जिन्यात कोण भेटले यावर अवलंबून असे. समोरच्या दारातल्या शिंपीणबाई म्हणत, "त्या घरात भांडं पडल्याचा आवाज कधी ऐकलाय कुणी? पडतच नसावं. किंवा पडायच्या आधी परवानगी मागत असेल." तळमजल्यावरचा नळदुरुस्तीवाला एकदा तिचा गळका नळ बदलून खाली आला आणि हातातला पाना पुसत बायकोला म्हणाला, "बाईंनी चहा विचारला, पैसे दिले, दार लावलं. मधे तासभर एक शब्द नाही. आपल्या घरी असा तास मिळाला, तर मी सगळ्या इमारतीचे नळ फुकट बदलून देईन."

भिंती पातळ होत्या. हे सगळे तिच्या कानांवर येई. तिला राग येत नसे, उलट थोडे सोयीचे वाटे. लोकांनी आपल्यासाठी एक माप ठरवून टाकले, की त्या मापात राहणे सोपे जाते. कुणी दार वाजवत नाही आणि का वाजवले नाही हेही सांगत बसत नाही.

तिचे काम वेबपानांचे. पूर्वी कंपनीला कचेरी होती. तिथे तिची खिडकीजवळची खुर्ची होती आणि शेजारच्या टेबलावर सतत काहीतरी चघळणारी एक सहकारी होती. पुढे कंपनीने सांगितले, की आता सगळ्यांनी घरूनच काम करावे. खुर्च्या विकल्या गेल्या, सहकारी दुसरीकडे गेली. चघळण्याच्या ज्या आवाजाने तिचे डोके उठत असे, तो आवाज आठवावा लागेल असे तेव्हा तिला वाटले नव्हते.

पानांवर याद्या दाखवायच्या, हा कामातला तिचा प्रांत. गाड्यांची वेळापत्रके, दुकानातला माल, परीक्षेचे निकाल. माहिती येते ती बाजारातल्या गर्दीसारखी, ज्याला जिथे जागा मिळाली तिथे तो उभा. त्या गर्दीला रांगेत लावायचे, कोण आधी आणि कोण मागून ते ठरवायचे, हे काम तिला मनापासून आवडे. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत त्यासाठी ‘सॉर्ट’ नावाचा एक हुकूम आहे. हुकूम चार अक्षरी इंग्रजी शब्दाएवढा, पण तो दिला की हजारांची गर्दी डोळ्याचे पाते लवायच्या आत रांगेत उभी राहते. इतकी वर्षे झाली, तरी तो क्षण आला की तिला आतून बरे वाटे. घरात दुसरे कुणी तिचे एवढे ऐकत नव्हते.

कारण घरात दुसरे कुणी नव्हतेच. आई होती तोवर बोलणे आईचे आणि ऐकणे तिचे, अशी वाटणी होती. आईला घरातले सगळे माई म्हणत. माई भाजीशी बोले, रेडिओशी वाद घाले, फोनवर चुकीचा नंबर लागला तरी समोरच्याची तब्येत विचारल्याशिवाय ठेवत नसे. माई गेली तेव्हा घरातला बोलण्याचा वाटा तिच्याबरोबर गेला. ऐकण्याचा तेवढा उरला. दादा दूरच्या शहरात होता. अधूनमधून त्याचा फोन येई. "तुझं आपलं बरं आहे," तो म्हणे, "ना कुणाची कटकट, ना कुणाची वाट बघणं." मागून वहिनीचा आवाज येई, "त्यांना म्हणावं, या एकदा." ती म्हणे, "येते." मग दादाला काहीतरी काम आठवे.

माईचा जुना फोन मात्र तिने बंद केला नाही. दारामागच्या स्टुलावर तो तसाच होता. त्याचे बिल ती का भरते, असे दादाने विचारले तेव्हा ती म्हणाली, "राहून गेलंय बंद करायचं."

अशातच त्या संस्थेचे काम तिच्याकडे आले. रुग्णालयामागच्या गल्लीत, औषधांच्या दुकानावर दोन खोल्या, एवढीच संस्था. एकट्या राहणाऱ्या वयस्क माणसांना फोन करून त्यांच्याशी थोडे बोलायचे, हे त्यांचे काम. संस्था चालवणाऱ्या बाई निवृत्त परिचारिका होत्या; सगळे त्यांना सिस्टर म्हणत. आपल्याला काय हवे ते त्यांनी पहिल्याच भेटीत एका दमात सांगितले होते. "माणसं पुष्कळ, फोन करणारे थोडे. कुणाशी बोलणं होऊन किती दिवस झाले, ते पानावर दिसलं पाहिजे. सगळ्यात जास्त दिवस झालेला माणूस सगळ्यात वर. फोन करणाऱ्यानं वरून सुरुवात करायची, जमतील तेवढे करायचे आणि उठायचं. डोकं चालवायचं काम ठेवू नका हो. आमच्याकडे सगळे प्रेमळ आहेत, पण चष्मे घरी विसरतात."

पान तिने मन लावून केले. बोलणे झाले, की ओळीपुढचे बटण दाबायचे. दिवसांचा आकडा शून्य होई आणि माणूस तळाशी जाई. फोन उचलला गेला नाही, तर आकडा तसाच वाढत राही, म्हणजे दुसऱ्या दिवशी तो आणखी वर दिसावा. ही काळजी तिची स्वतःची. सिस्टरनी ती सांगितली नव्हती.

पान तपासण्यासाठी काही खोट्या नोंदी कराव्या लागतात. तिने पाचसहा केल्या. त्यांतल्या एकीत नावाच्या जागी सहज ‘माई’ लिहिले, वयाच्या जागी अठ्ठ्याहत्तर, आणि फोनच्या जागी दारामागच्या स्टुलावरचा नंबर. पान सुरू झाले, तेव्हा खोट्या नोंदी तिने काढून टाकल्या. ही एक राहिली. राहून गेली, असे तिने स्वतःला सांगितले, आणि स्वतःचा या बाबतीतला शब्द तिने तपासून पाहिला नाही.

थोड्याच दिवसांत, एका सकाळी, स्टुलावरचा फोन वाजला. इतक्या दिवसांनी वाजला, की तिला आधी तो शेजारचा वाटला.

"माई, नमस्कार. संस्थेकडून बोलतोय. मी कंडक्टर," पलीकडून खणखणीत आवाज आला. "म्हणजे होतो. तीस वर्षं ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणण्यात गेली. आता कुणी ऐकत नाही, म्हणून फोन करतो. चहा झाला का?"

चूक सांगून टाकायची तीच वेळ होती. तिने तोंड उघडले, आणि सावकाश, जरा ओढलेल्या आवाजात म्हणाली, "झाला. साखर जास्त पडली."

"पडू द्या. आता कुणासाठी बारीक व्हायचंय?"

ती हसली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आले, की तो ओढलेला आवाज हुबेहूब माईचा होता.

मग चारपाच दिवसांनी तिची ओळ पानावर वर येई आणि सकाळच्या पाळीला बसणारे कंडक्टर फोन करीत. फोन येण्याच्या सुमाराला ती काम आवरते घेई. कंडक्टर बसमधल्या गोष्टी सांगत: कोंबडीचे तिकीट काढायला निघालेली म्हातारी, तिकिटावरून भांडून शेवटी एकाच स्थानकावर उतरून एकाच घरात गेलेले नवरा-बायको. ती माईच्या गोष्टी सांगे, आपल्या म्हणून. भाजीवाल्याशी घातलेला वाद, रेडिओवरच्या निवेदकाला दिलेले सल्ले. एकदा कंडक्टर म्हणाले, "माई, मुलगी आहे ना तुम्हाला? ती काय करते?" "घरीच असते," ती म्हणाली. "काम करते. बोलत नाही फारसं." कंडक्टर म्हणाले, "असतात काही. एखादी गाडी चुकली असेल बिचारीची."

संस्थेच्या वार्षिक भेटीला पान करणारी म्हणून तिलाही बोलावणे होते. ती मागच्या रांगेत बसली. सिस्टर अभिमानाने म्हणाल्या, "पान उघडून बघा. सगळ्यात वर नऊ दिवस. आपल्याकडे नऊच्या वर एकही माणूस नाही." टाळ्या झाल्या. तिनेही वाजवल्या, आणि कुणाशी न बोलता घरी आली.

पुढे सुट्ट्यांचा हंगाम आला आणि फोन करणारे निम्म्यावर आले. चारपाच दिवसांचे आठनऊ दिवस झाले. एका सकाळी ती अंघोळीला गेली असताना फोन वाजला. साबणाच्या अंगाने ती धावत येईपर्यंत तो थांबला होता. हरकत नाही, तिला वाटले; आज उचलला नाही म्हणजे आकडा वाढेल, उद्या ओळ आणखी वर. पान तिचेच होते, तिला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही दिवशी नाही. तिने अंघोळीची वेळ अलीकडे आणली. मग स्टूल दारामागून काढून टेबलाशेजारी ठेवले. आठवडा गेला. मग तिला एकेक गोष्ट आठवू लागली: साखर जास्त पडल्याचे तिने दोनदा सांगितले होते, एकदा तोंडून ‘स्क्रीन’ असा शब्द गेला होता, तो अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई कसा काढील, मुलीविषयी विचारल्यावर आवाज बदलला होता का? त्यांनी ओळखले असणार. सिस्टरना सांगितले असणार, आणि दोघांनी मिळून, तिची लाज राखण्यासाठी, न बोलता नोंद काढून टाकली असणार. या विचाराने तिचे कान तापले. जिन्यात शिंपीणबाईंनी विचारले, "बरं नाही का?" तर ती म्हणाली, "बरं आहे." तिच्या उत्तरावर त्यांनी मान डोलावली आणि रिळे घेऊन आत गेल्या.

शेवटी एका रविवारी दुपारी तिने ते पान उघडले. आपले नाव खरोखर काढले आहे का, एवढेच तिला पाहायचे होते. वरच्या वीस ओळींत माई नव्हती. सगळ्यात वर नऊ, मग आठ, मग सात. पुढचे पान पाहिले, त्याच्या पुढचे पाहिले. एक दिवस झालेल्या, कालच बोललेल्या माणसांच्या ओळी सुरू व्हायच्या जरा आधी, जिथे कुणी कधी येत नसे अशा ठिकाणी माई होती. तिच्यापुढे आकडा होता सतरा.

ती एकटी नव्हती. वर अठरा आणि एकोणीस होते, खाली चौदा, बारा, दहा. आणि या सगळ्यांच्या वर, ऐटीत, दोन.

तिला कळायला क्षणही लागला नाही. ही चूक तिच्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. ‘सॉर्ट’ला नुसते सोडून दिले, तर ते आकड्यांना आकडे समजत नाही, शब्द समजते. शब्दकोशात ‘अननस’ ‘ऊस’च्या आधी येतो, मग तो कितीही लांब असो, पहिले अक्षर पाहायचे आणि निकाल द्यायचा. तसेच दहामधला एक पाहायचा आणि त्याला दोनच्या खाली बसवायचे. ते टाळायचे, तर हुकमाबरोबर एक छोटे फंक्शन, म्हणजे तुलनेचा नियम, द्यावे लागते: दोघांची वजाबाकी कर, आणि उत्तर शून्याच्या वर की खाली यावरून थोरला कोण ते ठरव. एका ओळीचे काम. तिने नव्याने शिकणाऱ्यांना ते स्वतः किती वेळा सांगितले होते.

मग आपण का विसरलो? तिने जुन्या चाचण्या काढून पाहिल्या. खोट्या नोंदींपुढे तिने आकडे घातले होते: तीन, पाच, सात, दोन. सगळे एक अंकी. त्यांची रांग बिनचूक लागली होती. कुणाशी नऊ दिवसांपेक्षा जास्त दिवस कुणी बोलले नाही, असे होऊ शकेल, हे तिच्या मनातच आले नव्हते. आणि हे पान करीत असताना तिच्या स्वतःच्या घरात कुणाचा आवाज येऊन किती दिवस झाले होते, ते तिने मोजले नव्हते.

पण खरी गोष्ट पुढे तिच्या ध्यानात आली, आणि ती खुर्चीतून उठून खिडकीशी गेली. दहाला पोचले कोण होते? ज्यांनी नवव्या दिवशीचा फोन उचलला नाही ते. ज्यांना ऐकू कमी येते, ज्यांचे गुडघे धरतात, ज्यांना पलंगापासून फोनपर्यंत यायला वेळ लागतो. उशीर झाला म्हणून पान त्यांना आणखी वर आणील, अशी सोय तिने केली होती; आणि त्याच पानाने त्यांना उचलून तळाशी नेऊन ठेवले होते. वर नऊ पाहून सिस्टर खूश, माई दिसत नाही म्हणजे संध्याकाळच्या कुणीतरी केला असेल फोन, असे समजून कंडक्टर निश्चिंत.

तिने ती ओळ लिहिली. पान पुन्हा उघडले. सगळ्यात वर आला एकोणीस दिवसांचा एक घड्याळजी, एकटा, वय एक्याऐंशी. त्याच्या खाली एक बाई. तिच्या खाली माई.

आता तिच्यापुढे सरळ प्रश्न होता. उद्या सकाळी कंडक्टर वरून सुरुवात करतील. तिसरा फोन इथे येईल, आणि चौथ्या क्रमांकावरचा खराखुरा म्हातारा तेवढा वेळ थांबेल. नोंद काढून टाकली आणि सिस्टरना ‘दोष दुरुस्त केला आहे’ एवढे कळवले, की विषय संपला. कुणाला काही कळणार नाही. फोनही येणार नाही.

तिने नोंद काढण्याचे बटण दाबले. पानाने कारण विचारले. ती कारणेही तिनेच घातली होती: नातेवाइकांकडे राहायला गेले. सेवा नको म्हणाले. निधन. तिने तिन्ही वाचली. नाव माईचे, वय माईचे, नंबर माईचा. त्या हिशेबाने तिसरे कारण अगदी खरे होते. तिने माउसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. मग पान तसेच बंद केले.

सिस्टरना फोन करावा असे तिला वाटले. पण कुठल्या आवाजात बोलावे, ते ठरेना.

सोमवारी संस्थेचे दार उघडले, तेव्हा ती जिन्यात उभी होती. सिस्टर किल्ल्या शोधत वर आल्या. मागून खांद्याला पिशवी अडकवलेला, पांढऱ्या मिशांचा, बुटका माणूस आला. आवाजावरून तो एखादा धिप्पाड गडी असावा असे तिने धरले होते.

आत बसल्यावर तिने चूक सांगितली. आडपडदा न ठेवता, आकड्यांसकट. सिस्टर ऐकत होत्या. ‘नऊच्या वर कुणी नाही’ हे स्वतःचे वाक्य त्यांनाही आठवले असावे, कारण त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिल्या. कंडक्टर मात्र ऐकत बसले नाहीत. त्यांनी पान उघडले, वरचा नंबर फिरवला आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला. घंटा वाजत राहिली. तिने दोन्ही हात एकमेकांत धरले होते.

"ठेवू नका," सिस्टर म्हणाल्या. "वाजू दे."

बऱ्याच वेळाने खरखर झाली. "कोण?"

"घड्याळजी, संस्थेकडून कंडक्टर. उशीर झाला हो या खेपेला गाडीला."

पलीकडे श्वास ऐकू आला. "मागच्या वेळी पोचेपर्यंत बंद पडला तुमचा फोन. तेव्हापासून खुर्ची इथं आणून ठेवलीय. आता नेमका स्वयंपाकघरात होतो." मग थोड्या रागाने, "कुठं होतात?"

कंडक्टरांनी तिच्याकडे पाहिले. ती जमिनीकडे पाहत होती. "चूक झाली," ते फोनमध्ये म्हणाले. "आमच्याकडून. चहा झाला का?"

बोलणे बरेच चालले. दुसरा फोनही झाला. कंडक्टरांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले. "या आमच्या माई. मला वाटायचं, संध्याकाळच्या पोरी करत असतील." ते नंबर फिरवू लागले.

"तो करू नका," ती म्हणाली. "घरी कुणी नाही."

"म्हणजे? कुठे गेल्या?"

"माई माझी आई. तिला जाऊन चार वर्षं झाली." मग, दोघांच्या चेहऱ्यांकडे न पाहता, "चाचणीची नोंद होती. काढायची राहिली नाही. मी ठेवली. फोनवर मीच होते."

खाली औषधांच्या दुकानाचे शटर कुणीतरी वर ढकलले. कंडक्टर तिच्याकडे निरखून पाहत होते.

"वय काय तुमचं?" त्यांनी विचारले.

"चोपन्न."

"माझ्या धाकट्या बहिणीपेक्षा लहान," ते सिस्टरना म्हणाले, "आणि मी हिला वर्षभर गुडघ्यांना तेल लावा म्हणून सांगतोय."

"लावत होते," ती म्हणाली.

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा चढवला. "खऱ्या माणसाची पाळी गेली असती, हे कळतं ना तुम्हाला?"

"कळतं. म्हणूनच आले."

"नाव खोटं, वय खोटं. एकटं राहणं?"

ती काही बोलली नाही. सिस्टरनी थोडा वेळ वाट पाहिली. एवढी वर्षे आजाऱ्यांच्या खाटेपाशी उभ्या राहिलेल्या बाई. उत्तर आले नाही म्हणजे काय उत्तर आले, ते त्यांना समजत असावे. त्यांनी माईच्या ओळीवरचे नोंद काढण्याचे बटण दाबले, आणि पानाने तेच तीन कारणांचे विचारणे पुढे केले.

"तुमचे शेजारी काय म्हणतील, याचा विचार करायचा असेल तर करा," सिस्टर म्हणाल्या. "औषधाच्या दुकानात तुमच्या शिंपीणबाई येतात. तुमचा विषय निघाला होता एकदा. म्हणाल्या, त्यांना कुणाची गरजच नाही. आता मला सांगा. नोंद काढू की ठेवू?"

तिने पुढे वाकून ते विचारणे रद्द केले.

"नाव माझं घाला. वय चोपन्न करा. रांगेत सगळ्यात खाली ठेवा, चालेल. नंबर लागेल तेव्हा लागेल. आणि दहाच्या आधी फोन करू नका, मी अंघोळीला असते."